डाळिंबी ठिपका

१

गाळाच्या खड्ड्यातून डंपर ओढून वर काढला, तेव्हा त्याच्या पुढच्या जाळीत एक शिट्टी अडकलेली निघाली. दोरीसुद्धा शाबूत होती. ज्याच्या गळ्यात ती असायची त्याला आदल्या दिवशीच चादर पांघरून नेलं होतं. खाणीच्या उतारावर, वळणाशी उभं राहून गाड्यांना वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळे त्याला शिट्टीमामा म्हणत. भरलेला डंपर उतारावरून सुसाट आला, शिट्टीमामाला घेऊन खड्ड्यात गेला, आणि डंपरचा ड्रायव्हर फासळ्या मोडून इस्पितळात पडला.

तपासनीस बाई आल्या तोवर गाळ वाळून पांढरा पापुद्रा झाला होता. त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. बाईंचं नाक फार तिखट. असल्या नोकरीत ते नसतं तर बरं, असं त्यांना रोज वाटे. अपघात तपासता तपासता त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती: वास यंत्रांना कमी आणि माणसांना जास्त येतो. त्यांनी हातमोजे चढवले. मोज्यांशिवाय त्या कुठल्याच गोष्टीला हात लावत नसत.

"तपासायचं काही उरलेलंच नाही, मॅडम," खाणीचा मॅनेजर म्हणाला. तो मालकाचा जावई, म्हणून पाठीमागे सगळे त्याला जावईबापू म्हणत. बोलताना तो ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसत होता. "गिअरचा दांडा न्यूट्रलवर सापडला. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढून गाडी सोडली यानं. एक म्हातारा गेला बिचारा. तुम्ही संध्याकाळी अहवाल दिलात की पोलीस याला इस्पितळातूनच उचलतील."

'बिचारा' म्हणताना त्याने टिश्यू चुरगळून जमिनीवर टाकला. तो नेमका शिट्टीपाशी पडला. 

"कंट्रोलरमध्ये काही नोंद?"

"कसली नोंद? गाडीचा मेंदूच गाळात बुडून मेला."

बाई डंपरखाली गेल्या. गिअरबॉक्सच्या अंगात अंगठ्याएवढा एक सेन्सर आट्यांवर घट्ट बसवलेला असतो. त्याच्या टोकाला लोहचुंबक. समोरून चाकाचे दात फिरत जातात, तो ते मोजतो आणि गाडीचा वेग कंट्रोलरला कळवत राहतो. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटून त्याने चुकीचं सांगितलं की कंट्रोलर भांबावतो, आणि या जातीचा डंपर सरळ गिअर सोडून देतो. मग उतारावर एवढं वजन नुसत्या ब्रेकनी थांबत नाही.

सेन्सरच्या नटावर डाळिंबी रंगाचा एक ठिपका होता, अर्धा नटावर, अर्धा गिअरबॉक्सवर. त्यात बारीक काहीतरी चकाकत होतं. लोखंडाची धूळ असेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी नट सोडवला, सेन्सर बाहेर काढला आणि उजेडात धरला.

टोक आरशासारखं स्वच्छ होतं. ड्रायव्हरच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला गेला होता.

२

"माझंही काळीज तुटतंय, बाई," वर्कशॉपचा मिस्त्री म्हणाला. "पण यंत्र ठीक आहे, तर ठीक नाही असं कसं सांगू?"

त्या अख्ख्या खाणीत हा एकच माणूस बाईंना बरा वाटला. बाकी सगळीकडे जिथे टेकावं तिथे तेल, जिथे पाहावं तिथे थुंकी. मिस्त्रीचं टेबल लख्ख होतं. पाने मापाने लावलेले. त्याने बाईंसाठी चहाचा पेला आधी गरम पाण्याने विसळला, मग धुतलेल्या फडक्याने पुसला. बाईंनी बाहेरचा चहा घ्यायची ती फार दिवसांनी आलेली वेळ.

"ड्रायव्हर तुमचा कोण?"

"भावोजी. माझ्या धाकट्या बहिणीचे मालक." त्याने पेला पुढे केला. "मीच उडी मारली खड्ड्यात. मान वर धरून ठेवली म्हणून वाचले. कमरेची हत्यारांची पिशवी, ठिपक्याची बाटली, सगळं गाळात गेलं. जाऊ दे, माणूस तर आला हाती."

"ठिपक्याची बाटली?"

मिस्त्री ओशाळून हसला. "आमच्याकडची रीत आहे. नट आवळला की त्यावर ठिपका द्यायचा. नट हलला तर ठिपका तुटलेला दिसतो. नेलपॉलिशच लावतो आम्ही, पटकन वाळतं. ज्याचा त्याचा रंग ठरलेला. माझा डाळिंबी, वायरमनचा हिरवा. कुणाचं काम ते लांबून कळतं. बिनठिपक्याचा नट दिसला तर इथे बोंबाबोंब होते."

"सेन्सरवरचा ठिपका तुमचाच?"

"माझाच. अपघाताच्या सकाळी मी स्वतः सेन्सर काढून बघितला होता. एकदम साफ. तसाच बसवला, ठिपका दिला." त्याने डोळे पुसले. "भावोजी मुद्दाम करणार नाहीत हो. पण लागते माणसाला खोड, चार थेंब डिझेल वाचवायची."

बाईंनी चहा संपवला. निघताना त्यांनी पुन्हा डंपरखाली डोकं घातलं. कशाने तरी त्यांचं मन खात होतं. सेन्सरच्या भोवती गिअरबॉक्सवर गाळाचा पापुद्रा चढलेला होता, आणि ठिपक्याचा खालचा अर्धा भाग अजून तिथेच होता. त्यांनी मोज्यातल्या बोटाने पापुद्रा उचकटला.

पापुद्रा निघाला, आणि त्याच्या पाठीवर बसून ठिपकाही निघाला. रंग गाळाच्या खाली नव्हता, वर होता. म्हणजे तो सकाळी दिलेला नव्हताच. अपघात झाला, गाळ वाळला, आणि त्यानंतर कुणीतरी इथे येऊन गेलं होतं. मिस्त्रीची बाटली तर गाळात गेली होती, मग हा रंग कुणाचा?

३

वायरमन शेडच्या मागे बसून काडीने दात कोरत होता. बाईंना बघून त्याने काडी कानावर ठेवली. बाईंना ते बघवेना.

"अपघातानंतर डंपरपाशी तुम्हाला पाहिलंय लोकांनी."

"बॅटरी काढायला गेलो होतो. ठेवली असती तर आग लागली असती. माझ्यावर आळ घालायचाय का? घाला. इथे रीतच आहे, सोपा दिसला की त्याच्या माथी मारायचं."

"गाडी आधी कधी तक्रार करत होती?"

वायरमनने इकडेतिकडे पाहिलं. "बरेच दिवस उतारावर गचके द्यायची. ड्रायव्हर सांगत होता, मधूनच गिअर सुटतो. सुटला की दांडा न्यूट्रलला आणून परत टाकावा लागतो, तरच पकडतो. मी वायर इंच इंच हलवून पाहिली. कनेक्टर उघडला, कोरडा ठणठणीत. म्हटलं, वायर ठीक आहे, पुढचं माझ्या हद्दीत नाही. जावईबापूंना सांगितलं, गाडी थांबवून गिअरबॉक्स उघडा. ते म्हणाले, कामाच्या दिवसांत गाडी थांबवायची भाषा करू नकोस."

दांडा न्यूट्रलवर का होता ते बाईंना आता कळलं. तो माणूस गाडी सोडून देत नव्हता. उतारावर, समोर शिट्टीमामा दिसत असताना, तो जीव तोडून गिअर परत टाकू बघत होता.

पण हे तोंडी झालं. सेन्सर साफ आहे, वायर ठीक आहे, मग गिअर सुटला कशाने? कुठलाही वकील हेच विचारणार.

"गिअरबॉक्सचा फिल्टर उघडता येईल?" बाईंनी विचारलं.

वायरमनने कुरकुरत पाना आणला. फिल्टर निघाला तसा जळक्या तेलाचा असा भपकारा आला की बाईंनी पदर नाकाला लावला. वायरमनने फिल्टरची घडी उलगडली. आत तेल नव्हतंच म्हणायला हवं, लोखंडाच्या किसाचा काळा चिखल होता. आतलं बेअरिंग किती दिवस भरडलं जात होतं कोण जाणे.

"अगं आई गं," वायरमन म्हणाला. "यात तर चुंबकाला काळी दाढी फुटायला पाहिजे."

बाईंनी पिशवीतून सेन्सर काढला. त्याचं टोक अजूनही लख्ख होतं. असल्या घाणीत राहिलेलं चुंबक इतकं स्वच्छ राहूच शकत नव्हतं. नुसता पुसला म्हणावं, तर टोकावर एक ओरखडाही नव्हता. हा सेन्सर या गाडीचा नव्हता.

४

मग या गाडीचा सेन्सर कुठे होता?

खड्ड्यात टाकला असेल तर संपलंच. तो गाळ उपसायचा तर महिना जाईल, आणि जावईबापू घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होता. बाईंनी त्याला गाठलं.

"गाडी थांबवू नका म्हणून तुम्ही सांगितलं होतं?"

"मी एवढंच म्हटलं की काम थांबता कामा नये. गाडीचं मिस्त्रीने बघायचं. मला त्यातलं काय कळतं?" तो नवा टिश्यू काढत म्हणाला. "आणि हे बघा, लेखी काहीही नाही."

तो हे अभिमानाने म्हणाला. बाईंना त्याच्या अंगाला येणाऱ्या अत्तराचीही शिसारी आली. त्यांना वाटलं, हाच. सेन्सर बदलायला लावणारा हाच असणार, कोणाच्या तरी हातून. पण नुसती किळस येते म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. तसं असतं तर अर्धी खाण आत टाकावी लागली असती.

फाटकाच्या खोलीत ड्रायव्हरची बायको सकाळपासून बसून होती. बाई आत गेल्या तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही काय लिहायचं ते लिहा. फक्त ह्यांना एकदा सांगा, त्यांनी मारलं नाही म्हणून. शिट्टीमामांबरोबर रोज चहा प्यायचे हे. परवापर्यंत म्हणत होते, गिअर सुटला. कालपासून म्हणतात, मीच काढला असेल, मला आठवत नाही, मीच मारलं. दादासुद्धा त्यांना समजावतो, म्हणतो, भावोजी, होते चूक, कबूल करून टाका, शिक्षा कमी होईल."

"दादा म्हणजे मिस्त्री?"

"हो. तो आहे म्हणून तगून आहोत आम्ही. डबा तोच आणतो, इस्पितळात तोच बसतो." तिने चेहऱ्यावरून हात फिरवला.

त्या हाताकडे बाई बघतच राहिल्या. नखांवर डाळिंबी रंग होता, टवके उडालेला. आणि त्या रंगात बारीक चमकी होती.

"रंग छान आहे," बाई हळूच म्हणाल्या.

अशा वेळी असलं काय बोलतात, म्हणून ती गोंधळली. "ह्यांनीच आणून दिली होती बाटली. आता घरात नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दादा ह्यांचे कपडे न्यायला आला ना, तेव्हा मागून घेऊन गेला. त्याची गाळात गेली म्हणे. एवढं सगळं झालेलं, तरी कामाला चुकत नाही तो."



५

वर्कशॉपमध्ये जाऊन बाईंनी मिस्त्रीच्या हातचे सगळे जुने ठिपके एकेक करून पाहिले. लोडरवर, क्रशरच्या मोटारीवर, पाण्याच्या पंपावर. डाळिंबी होते, पण सगळे साधे. चमकी कुठेच नव्हती. ज्याला त्या लोखंडाची धूळ समजल्या होत्या, ती बाटलीतलीच होती.

पण जुना सेन्सर? बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. स्वच्छ सेन्सर आला कुठून? नवा म्हणावा तर त्याच्या आट्या वापरून घासलेल्या होत्या. शिकत होत्या तेव्हा त्यांचे मास्तर सांगायचे: सेन्सर खराब की बाकी काही, हे कळत नसेल तर सारख्या दोन सेन्सरांची अदलाबदल करा. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सरचा, जागेवरच राहिला तर जागेचा. कुठलाही मिस्त्री हे डोळे मिटून करतो. अदलाबदल!

"या जातीचा दुसरा डंपर आहे?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"शेडमागे आहे ना. टायर नाहीत म्हणून ठोकळ्यांवर उभा आहे कधीचा."

उभ्या डंपरच्या गिअरबॉक्समधलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. तेल बदलल्यापासून तो चाललाच नव्हता. बाई खाली वाकल्या. सेन्सरच्या नटावर डाळिंबी ठिपका होता, आणि उन्हाची तिरीप पडताच तो चमचमला.

त्यांनी सेन्सर काढला. टोकाला किसाची जाड, काळी, तेलकट दाढी लोंबत होती, मेलेल्या उंदरासारखी. फडक्याने पुसल्यावर खाली खोल ओरखडे दिसले. बेअरिंग गेल्यावर डगमगणाऱ्या चाकाचे दात त्याला घासून गेले होते. कीस पुसता आला असता. ओरखडे पुसता येणार नव्हते. म्हणून तो बदलावा लागला.

आणि बदलल्यावर, इतकं सगळं लपवल्यावर, मिस्त्रीने ठिपका दिला होता. दोन्ही ठिकाणी. बिनठिपक्याचा नट कुणाच्याही डोळ्यांत भरला असता, हे खरं. पण बाईंना वाटलं, तसं नसतं तरी ठिपका दिल्याशिवाय त्याचा हात राहिला नसता.

मागे पावलं वाजली. मिस्त्री हातात धुतलेलं फडकं घेऊन उभा होता.

६

"हात पुसा, बाई," तो म्हणाला.

बाईंनी फडकं घेतलं नाही. "सकाळी सेन्सर काढून पाहिलात म्हणालात. पाहिला नव्हता ना?"

त्याने फडक्याची घडी घातली. मग तिथेच ठोकळ्यावर बसला. "आधी दर आठवड्याला काढून पुसत होतो. पुसला की चार दिवस गाडी नीट चालायची. जावईबापू खूश. त्या दिवशी भावोजींनी विचारलं, पुसला का? मी हो म्हटलं. राहून गेला होता. एकदाच राहिला, बाई!"

"पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे तुम्हाला ठाऊक होतं. आतलं यंत्र भरडलं जात होतं आणि तुम्ही त्याचं तोंड पुसत बसलात."

"मी भावोजींना वाचवलं! जिवावर उदार होऊन उडी मारली."

"हो. बाहेर काढलंत आणि मग बुडवलंत."

मिस्त्रीने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि पुढचं तो इतक्या मायेने बोलला की बाईंच्या अंगावर काटा आला. "नीट विचार करा, बाई. मी आत गेलो तर दोन्ही घरं उघडी पडतील. भावोजी गेले तर मी आहे ना बाहेर. तायडीला काही कमी पडू दिलं नसतं मी. तिच्या पोरांना माझ्या पोरांसारखं वाढवलं असतं. कुणाचंच नुकसान नव्हतं त्यात."

"आणि तो इस्पितळात पडून स्वतःला खुनी समजतोय, ते? त्याच्या कानाशी बसून तुम्हीच ते भरवलंत ना?"

बाईंनी आजवर खोटारडे पाहिले होते, लाचखाऊ पाहिले होते. त्यांचा राग येतो, आणि राग धुऊन जातो. हा माणूस बहिणीला डबा पोचवत होता, तिच्याच बाटलीतल्या रंगाने तिच्या नवऱ्याचा गुन्हा पक्का करत होता, आणि या दोन्ही गोष्टी त्याला एकाच जिव्हाळ्याने जमत होत्या. बाई शेडच्या कडेला गेल्या आणि मघाचा चहा त्यांनी ओकून टाकला.

अहवाल लिहायला वेळ लागला नाही. गाडी थांबवू न देणारा जावईबापू त्यात पहिल्या परिच्छेदातच आला. लेखी काही नाही म्हणून तो तावातावाने भांडला, तेव्हा वायरमनने कानावरची काडी काढली आणि म्हणाला, "मी आहे की. माझ्या तोंडावर सांगितलंत. मी सांगेन जिथे म्हणाल तिथे."

फाटकाच्या खोलीत ड्रायव्हरच्या बायकोने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यांचा दोष नव्हता?"

"नव्हता. गिअर आपोआप सुटला. ते शेवटपर्यंत परत टाकायला धडपडत होते."

तिने डोळे मिटले. बाहेरून पोलीस मिस्त्रीला नेत होते. तो खिडकीशी थबकला. "तायडे," त्याने हाक मारली. तिने तिकडे पाहिलं नाही.

"ती बाटली त्याच्याकडून परत घ्या," ती बाईंना म्हणाली. "ह्यांनी मला आणलेली आहे."

"ती आता मिळायची नाही. पुरावा आहे तो."

"बरं." ती वाकली. दारातल्या खडीतला एक धारदार तुकडा उचलून ती आपली नखं खरवडू लागली. भराभर, कातडं सोलवटेपर्यंत. "हे घेऊन कशी जाऊ ह्यांच्याजवळ? उशाशी बसून रोज याच हातांनी पाणी पाजत होते. दादा शेजारी बसलेला असायचा."

डाव्या हाताने उजवा हात काही नीट खरवडला जाईना. तुकडा निसटत होता. बाईंनी हातमोजे काढले, खुर्ची पुढे ओढली आणि तिचा उजवा हात आपल्या उघड्या हातात घेतला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मी काढते."